दहा बटणं

बायको गेल्यावर मी कॉम्प्युटर बांधायला घेतला. विकत मिळतो, माहीत आहे. पण चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. हात रिकामे ठेवायची सवय नाही. एकेक वायर डाख देऊन जोडली. जुन्या टीव्हीवर अक्षरं उमटायला लागली, तेव्हा कीबोर्ड म्हणून तिचाच घेतला. ती टायपिस्ट होती. ऑफिसात नवे कीबोर्ड आले तेव्हा तिने हा धोंड्यासारखा जड कीबोर्ड मागून आणला होता. त्याची पिन गोल, पाच काड्यांची.

रविवारी लेक मला न्यायला येणार होती. तिच्याकडे माझ्या वाट्याला एक खोली, एक टेबल. "चालू असेल तेच घ्या बाबा, बाकी भंगारात," ती म्हणाली आणि मी हो म्हणालो. वाटलं, कीबोर्ड जोडणं म्हणजे चार वायरींचं तर काम.

पाच काड्या असल्या तरी वायरी चारच होत्या. पण दहा बटणं चुकत होती. 'आर' दाबलं की 'टी', 'एम' दाबलं की 'व्ही'. सगळीच चुकली असती तर वायरिंगला दोष देता आला असता. प्रत्येक बटण एक आकडा पाठवतं. कुठल्या आकड्याचं कुठलं अक्षर, तो तक्ता मी चिपमध्ये भरला होता. तीनदा पुस्तकाशी ताडला. बरोबर होता. तो खोटा करून अक्षरं जुळवता आली असती, पण दोष न सापडता केलेली दुरुस्ती मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिली नाही. आठ दिवस गेले. शनिवारी कीबोर्ड भंगाराच्या खोक्यात ठेवला. वायर बाहेर लोंबत होती, ती आत ढकलली.

रविवारी लेकीने खोक्यात पाहिलं. "हा का टाकताय? आईचा आहे."

"बिघडलाय."

तिने तो पुन्हा जोडायला लावला, आणि माझ्याकडे बघत बघतच दहा बोटांनी घराचा सगळा पत्ता टाइप केला. एकही चूक नाही.

"बटणं बघून टाइप करत होतात ना?"

"मग काय, डोळे मिटून करू?"

ती हसली. "आईने बटणांवरच्या अक्षरांच्या टोप्या उपटून अदलाबदल केली होती. साहेब जेवणाच्या सुट्टीत तिच्या जागेवर बसून कविता टाइप करायचे, वर तिलाच ऐकवायचे. दोन दिवसांत कविता बंद. ती कुठे खाली बघायची?"

"मला नाही कधी बोलली."

"बोलली होती. जेवताना. मला हसून ठसका लागला. तुम्ही ताटाशेजारी कसलं तरी सर्किट घेऊन बसला होतात. 'अहो, ऐकताय ना?' म्हणाली. तुम्ही 'हं' म्हणालात."

म्हणालोच असेन.

ती स्क्रूड्रायव्हर घेऊन टोप्या जागेवर बसवायला निघाली. मी तिचा हात धरला.

"राहू दे."

"मग टाइप कसं करणार?"

"तू शिकव."

खालून टेम्पोवाला हॉर्न देत होता. तिने माझी बोटं उचलून एकेका बटणावर ठेवली.

"खाली बघायचं नाही. करंगळी इथेच. ऐकताय ना बाबा?"

"हं," तोंडातून निघून गेलं. मग म्हणालो, "ऐकतोय. करंगळीचं काय म्हणालीस, परत सांग."