मी काय वरडून राहिली होती

पिक्चरमधी माह्या नवऱ्याचा डोळा फुटला तव्हा अकोल्याच्या त्या हॉलमधी शिट्ट्या वाजल्या. मी तिसऱ्या रांगेत बसली होती. हातातला समोसा मुठीतच चुरगाळला, तेलाचे वघळ मनगटावर आले.

पयलेपासून सांगा लागन. मी शालू. मी अन् माहा नवरा मनोज अकोल्याच्या फूलबाजारात झेंडू-शेवंतीचा धंदा करतो. आमच्या बाजारात सकाळी हर्रास होते, अन् ज्याचं गाठोडं ओट्यावर पयले पडन त्याचीच बोली पयले लागते. मांगून येणाऱ्याले पडेल भाव. म्हणून काय करतेत, बाई डोक्यावर गाठोडं घेऊन ऑटोतून उतरते, अन् कोपऱ्यावर उभा असलेला तिचा माणूस ते हिसकून ओट्याकडे सुसाट पळते. बाई मांगून शिव्या देत, हासत येते. सारा बाजार असाच पळते. तठच्या लेकरायले बी हे ठाऊक आहे.

ठाऊक नव्हतं ते जीवनले. जीवन म्हणजे कॉलेजातला एक पोट्टा. काळा मुखवटा घालून, पोळ्याच्या बैलासारखी लाल झूल पांघरून अकोल्यात चोर धरत फिरे. नाव ठेवलं होतं गरुडवीर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कॅमेरावाले संगं घेऊन तो बाजारात आला. पाह्यते तं काय, एक माणूस बाईच्या डोक्यावरचं गाठोडं हिसकून पळून राहिला! झालं. त्याच्या हातात लोखंडी पट्टीचा हातमोजा होता. पयलाच ठोसा मनोजच्या डाव्या डोळ्यावर बसला. मनोज पडला तं पोटात लाथ, बरगडीत लाथ. झेंडू रगतानं माखला. मंग रस्त्यावरचे रिकामटेकडे धावले. चोट्टा म्हटलं का आपल्या लोकायचे हात लय शिवशिवतेत. एकानं डोस्क्यात टोपली हाणली, एकानं तोंडात चप्पल कोंबली. मी घसा फाटेपर्यंत वरडली. कोणाच्या बापानं आयकलं नाही. बाजारातले लोक येऊन सोडवेपर्यंत डोळा गेला होता.

पोलिसायनं त्याच संध्याकाळी सांगतलं, हा चोर नाही, घरी न्या. दवाखाना करून घरी आणला. तव्हापासून तो बोलणंच इसरला. हो का नाही, एवढंच.

वर्षभरानं आमच्या शेजारी फुलं इकणारी बेबीताई पास घेऊन आली. "चाल वं शालू. चांगल्या कामाचा पिक्चर आहे, पैसा लेकरायच्या हार्टच्या ऑपरेशनले जाते. आपला बाजार बी दाखवला म्हणते." गेली मी, ठेवणीतली साडी नेसून.

पिक्चर चांगला होता, खोटं काहून बोलू? मुखवटे घालून लोकायचं भलं करणारे माणसं. मोर्शीकडची एक बाई निळा ड्रेस घालून इहिरीत पडलेले जनावरं काढे. एक म्हातारा झूल पांघरून पुलावर उभा राहे, जीव द्याले आलेल्यायले समजावून घरी पोचवे. माह्या डोळ्याले पाणी आलं. अन् मंग धडाधडा नगारे वाजले, अन् आमचा बाजार आला. मनोजचं तोंड पुसट केलं होतं, पण चौकड्याचा सदरा मीच घेतला होता त्याले. मी बी होती तठी. आ वासून, हात जोडून. वरतून एक जण गोड आवाजात बोलून राहिला, "घाबरलेली ती स्त्री मदतीसाठी हाका मारत होती." माहा आवाज कुठीच नव्हता. नुसते नगारे.

मदतीसाठी! अरे बेशरमहो, मी तुमच्याच पाया पडून राहिली होती!

पिक्चर काढणारी प्रणाली मॅडम दारात भेटली. तिले इचारलं, "मी काय वरडून राहिली होती, ते आयकलं का तुमी?"

"ताई, आवाज नीट आला नव्हता, म्हणून संगीत टाकलं. आणि चेहरा झाकलाय ना त्यांचा. लहान मुलांची ऑपरेशनं व्हायची आहेत, जरा मोठ्या मनानं घ्या."

"मोठं मन घेतो बाई, पण त्याचा डोळा कुठून घेऊ?"

ती गाडीत बसली.

तो तुकडा साऱ्यायच्या मोबाइलवर फिरला. आमची वर्षाली नववीत आहे. पोरायनं तिच्या बाकावर झेंडू ठेवला अन् खडूनं लिवलं, चोट्ट्याची पोरगी. तिनं दप्तर माळ्यावर फेकलं अन् शाळा बंद केली. मी समजवाले गेली तं म्हणे, "आई, बाबा चोर नाही हे मले नोको सांगू. मले ठाऊक आहे. त्यायले सांग."

रविवारी दुपारी अमरावतीले त्याच पिक्चरचा खेळ होता. मनोजले म्हटलं, चाल. "नाही," म्हणे. मी म्हटलं, "डोळा एक आहे तं काय झालं, पाय तं दोन आहेत ना? चाल!" एसटीत तो बडनेऱ्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसला.

हॉल गच्च भरला होता. जीवन मुखवटा, झूल अन् तोच लोखंडी हातमोजा घालून पयल्या रांगेत, बाजूले प्रणाली मॅडम. मनोज मांगंच, शेवटच्या रांगेत बसला. मी पुढं गेली. नगारे सुरू झाले तशी उठली अन् स्टेजच्या बाजूच्या स्पीकरच्या साऱ्या तारा उपटल्या. नगारे मेले. चित्र मुकंच चालू राहिलं. मी पडद्यासमोर उभी राहिली, अन् त्या दिवशी जे वरडली तेच वरडली. "मारू नोका! चोर नाही तो! माहा नवरा होय! गाठोडं आमचंच होय!" पडद्यावर लाथ पडली का मी वरडली. चित्राचा उजेड माह्या अंगावर, लाथा बी माह्याच अंगावर.

एका कार्यकर्त्यानं माहे केस धरले. मी त्याच्या हाताले कडकडून चावली. तेवढ्यात जीवन उडी मारून आला. सवय असते ना हाताले! त्यानं माहा डावा हात मांगं पिरगाळला, खांद्यात कट्‌कन वाजलं. मी गुडघ्यावर पडली, ओठ माईकच्या टेबलावर आपटून फाटला. त्याचा लोखंडी पंजा वर गेला. पडद्यावर बी तोच पंजा वर होता.

"मारू नोको रे! माही बायको होय ते!"

मनोज होता. वर्षभर ज्याचा आवाज घरात निघाला नाही, तो खुर्चीवर उभा राहून वरडून राहिला होता. नगारे नव्हते. साऱ्यायनं आयकलं.

पंजा वरच राहिला. मी चांगल्या हातानं मुखवटा ओढला अन् कानाखाली अशी सणसणीत ठेवून देल्ली का माह्या तोंडातलं रगत त्याच्या झुलीवर उडालं. आत ओठावर कोवळी मिशी असलेलं पोरगं. हळूच म्हणे, "काकू, मले त्याच संध्याकाळी ठाण्यातून समजलं होतं."

त्याच संध्याकाळी! अन् वर्षभर हा टाळ्या घेत फिरला!

"मले काहून सांगतं? यायले सांग!"

त्यानं माईक उचलला. माईक मुका. तारा मीच उपटल्या होत्या. तो प्रणाली मॅडमकडे पाहाले लागला.

"तिच्याकडे काय पाह्यतं? मी वरडली होती तसं वरड. थांब."

मी कमरेचा फोन काढला, वर्षालीले लावला. तिनं हॅलो म्हटलं तसा फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

"हं, वरड आता."

"तो चोर नव्हता!" पोरगं घसा फाडून वरडलं. "चोर नव्हता तो!"