भट्टीचं झाकण

नागसेनचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं, आणि त्याला कारण होता त्याचा स्वतःचा बाप.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात काम करता करता त्याने ही गॅसची भट्टी बनवली होती. उसाच्या वाळल्या चिपाडाचे तुकडे लोखंडी पिंपात टाकायचे, वरचं झाकण घट्ट लावायचं, खालून पंख्याने हवा बेताची सोडायची. कोंडल्या विस्तवावर चिपाडाचा गॅस होतो, तो नळीने रस उकळायच्या काहिलीखाली नेऊन पेटवायचा. धुराचं नाव नाही. हा सगळा खटाटोप बापासाठीच होता. बाबासोंनी शिरोळकडच्या हंबीररावांच्या गुऱ्हाळात उभा जन्म चुलवाणात जाळ घालण्यात काढला होता. धुरातून सुटला नाहीत तर डोळे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण काम सोडा म्हटलं की बाबासो भरल्या ताटावरून उठत.

अठ्ठ्याण्णव सालच्या हंगामात हंबीररावांनी मोठ्या मिनतवारीने भट्टी ठेवून घेतली आणि रसाची पहिली दोन आधणं मातीमोल झाली. रसाला उकळी आली की जाळ एकदम बसे, गूळ काळा आणि चिकट राही. आज तिसरं आधण. हेही बिघडलं तर उद्यापासून जुनंच चुलवाण पेटवायचं, असं मालकांनी सांगून टाकलं होतं.

जाळ का बसतो, ते नागसेनला चांगलं ठाऊक होतं. बाबासो मध्येच झाकण उघडून काठीने विस्तव ढोसत. वरून हवा शिरली की गॅस आतच जळून जाई. त्याने समजावलं, हात जोडले, शेवटी चारचौघांत ओरडला. बाबासो मान डोलावत, आणि ह्याची पाठ वळली की झाकणाची कडी वाजे. जन्मभराची खोड आहे, ती कशी जाईल, असं गुळव्या पिराजी हसत म्हणाला. त्या हसण्याने नागसेन आणखीच पेटला.

आज त्याने झाकण सरळ तारेने आवळून टाकलं. बाबासो चिपाडाच्या ढिगावर जाऊन बसले.

जाळ शेवटपर्यंत टिकला. गूळ पिवळाधमक बसला. हंबीररावांनी खडा तोंडात टाकला आणि भट्टी राहू दे म्हणाले. सगळे बघायला आले, बाबासो तेवढे जागचे हलले नाहीत. नागसेन तावातावाने त्यांच्याकडे गेला.

“झाकणाला हात लागला न्हाय म्हणून गूळ बसला. काय मिळत हुतं तुमाला ते उघडून?”

“इस्तू दिसत हुता,” बाबासो म्हणाले. “आता तेवढाच दिसतोय. तुजा त्यो निळा जाळ मला दिसत न्हाय. पेटलाय का इजलाय, कळत न्हाय.”

नागसेनने त्यांच्याकडे नीट पाहिलं. बापाची नजर त्याच्या तोंडावर नव्हती, खांद्याच्या बाजूला कुठेतरी होती.

“मग हे आधी सांगाय काय झालतं?”

“सांगितलं असतं तर काम सोडाय लावलं असतंस की.”

लावलंच असतं. त्याला बापाचा राग आला, धुराचा आला, ज्या निळ्या जाळाची गावभर फुशारकी मारली त्याचाही आला. पण ओरडायचं कुणावर?

त्याने पक्कड आणली आणि तार तोडली. गूळ निघाला होता, पंखा बंद होता, आता झाकण उघडून काही बिघडणार नव्हतं. बाबासोंना हाताला धरून त्याने भट्टीपाशी उभं केलं आणि झाकण उचललं. तळाशी विस्तव लालभडक फुलला होता.

“दिसतोय?”

“व्हय की,” बाबासो म्हणाले, आणि सवयीने काठीसाठी हात पुढे केला. नागसेनने ती शोधून त्यांच्या हातात दिली.