दातांत धरलेली दोरी

मित्रांनो, मी एक जुना बाहुला आहे, आणि तोही गाढवाचा. हसा खुशाल, मला सवय आहे. सोफिया शहरातल्या टीव्ही केंद्रात दोब्रिंकाबाईंनी आपल्या वडिलांचा जुना ओव्हरकोट कापून मला शिवलं. कान तेवढे अस्तराचे केले, चांगले लांबलचक.

दर रविवारी सकाळी बोगोमिलकाका टेबलाशी बसून मुलांना गोष्ट सांगत आणि मी शेजारी बसून ऐकत असे. मी कधी चकार शब्द काढला नाही. त्याचं कारण टेबलाखाली होतं. दोब्रिंकाबाईंचा एक हात माझ्या डोक्यात, दुसरा पुढच्या पायांत. मग कान हलवायचे कशाने? कानांची दोरी त्या दातांत धरत. तोंडात दोरी असलेली बाई बोलणार कशी? गोष्ट आवडली की माझे कान ताठ, लांडगा आला की लटलट. मुलांना तेवढं पुरत असे.

मग झाखारीसाहेब नवे प्रमुख म्हणून आले.

"हे गाढव मुकं का?" त्यांनी विचारलं.

"ऐकतंय ना, साहेब," बोगोमिलकाका म्हणाले. "बोलणारे काय कमी आहेत आपल्याकडे?"

"थट्टा पुरे! रविवारी ते बोललं नाही, तर त्याला अडगळीत टाका. आणि बाई, तुम्ही शिवणखात्यात जायचं."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे तर गाढवच अडलं होतं. बाईंनी माझे कान कुरवाळले. "बोलू या रे बाबा," त्या म्हणाल्या, "नाहीतर दोघांची ताटातूट करतील."

त्या रविवारी त्यांनी दोरी सोडली आणि माझ्या नावाने एक कविता म्हटली. आवाज गोड होता. पण माझे कान गालांवर जे लोंबले, ते शेवटपर्यंत तसेच राहिले. मला फार वाईट वाटलं.

बुधवारी टपालाची भली मोठी पिशवी आली. तिच्यात लिंडेनची सुकी फुलं होती, घसा दुखला की आमच्याकडे ज्यांचा चहा देतात ती. मधाची बरणी होती, लोकरीचा गळपट्टा होता. गाब्रोव्हो गावच्या एका मुलीने लिहिलं होतं, "गाढव आजारी आहे, कान पडलेत. तरी त्याला बोलायला लावता? लाज नाही वाटत? आधी त्याला झोपवा."

झाखारीसाहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग गळपट्टा स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात बांधला आणि म्हणाले, "बाई, धरा तुमची दोरी."

पुढे एकोणीस वर्षं माझे कान बोलत राहिले. मग बोगोमिलकाका वारले, दोब्रिंकाबाईंचे दात पडले, आणि मी कपाटात गेलो. कसरीने डावा कान खाल्ला. कोणी फिरकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई काठी टेकत आल्या. माझ्या डोक्यात हात घातला, दोरी दातांत धरून ओढली, तर कवळीच बाहेर! "घे, आता मीही मुकी," म्हणत त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग त्यांनी दोरी नुसत्या ओठांत घट्ट धरली. माझा उजवा कान हळूहळू उभा राहिला.

त्या जायला निघाल्या तेव्हा जन्मात पहिल्यांदा मला हाक मारावीशी वाटली. पण माझी हाक माझ्या कानांत, आणि कानांची दोरी त्यांच्या ओठांतून सुटली होती.

मित्रांनो, जुन्या बाहुल्यांना अधूनमधून ऊन दाखवत जा. आणि तुमच्या बाकावर एखादं न बोलणारं पोर बसत असेल, तर त्याला बोल बोल म्हणून छळू नका. आधी त्याचे कान बघा. ते तुमचंच ऐकत असेल.