छिद्र बुजवून परत आलेली वाटी

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची वाटी आहे आणि माझ्या तळाला मोहरीएवढे छिद्र आहे. ते माझे व्यंग नव्हे. ते माझे काम आहे. मला हौदातल्या पाण्यावर ठेवले की छिद्रातून पाणी आत येते, मी जड होत जाते आणि बुडते. सहारातल्या आमच्या गावात खजुराच्या बागांना पाणी याच मापाने मिळे. मी बुडाले की पाटकरी अल्लाल पाटाचे तोंड पुढच्या बागेकडे वळवी. त्याची स्वतःची बाग पाटाच्या अगदी शेवटी होती. त्याच्या पाळीला मी बुडायला आणि पाणी शेवटच्या आळ्यात पोहोचायला एकच गाठ पडे.

त्या काळी आमच्यावर फ्रेंचांचे राज्य होते. राज्य चालवणाऱ्यांनी आम्हाला कधी पाहिले नव्हते. एके दिवशी हुकूम आला, की सगळी मापे तपासणीसाठी पॅरिसला पाठवावीत.

"का हो साहेब, पॅरिसला पाणी कमी पडलं का?" अल्लालने विचारले.

"बाबा, मलाही हुकूमच आहे," गढीवरचा कप्तान म्हणाला.

उंट, आगगाडी, जहाज असा प्रवास करून मी एका प्रचंड दालनात पोहोचले. तेथे कुठकुठल्या देशांतली मापे, तराजू, काठ्या रांगेने मांडल्या होत्या. एक सौम्य चेहऱ्याचा माणूस खुर्चीतून न उठता सही करी, आणि समुद्रापलीकडच्या एखाद्या बाजारातले माप बदलून जाई. आवाज चढवणे नाही, हात उगारणे नाही! मी थक्क होऊन पाहत राहिले. मग त्याने मला उचलले. "अरेरे, हिला भोक पडलंय," तो कळवळून म्हणाला. माझे छिद्र कथील ओतून बुजवले गेले. मला लख्ख घासून परत पाठवण्यात आले.

मी आले तेव्हा अल्लाल राहिला नव्हता. त्याची मुलगी मबरूका बाग सांभाळत होती. माझ्यावाचून पाणी अंदाजाने वाटले जाई, आणि अंदाजाचे पाणी पाटाच्या शेवटी पोहोचत नसे. अल्लालने लावलेली शेवटची रोपे पिवळी पडली होती. मबरूकाने मला दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवले. मी नुसतीच तरंगत राहिले.

"पॅरिस बघून आली ना," वरच्या बागेचा तय्यब म्हणाला, "आता कुठली पाय ओले करते!"

सगळे हसले, मबरूकासुद्धा. मग ती मला घेऊन आलेल्या कप्तानाकडे वळली. "हिला परत भोक पाडायचंय."

"विचारून पाठवतो. सुगीपर्यंत उत्तर येईल."

"माझी रोपं तोवर थांबायची नाहीत, साहेब."

कप्तानाने पाठ फिरवली. "मी इकडे आलोच नव्हतो," असे म्हणत तो गढीकडे चालू लागला.

"मोठंच पाड," तय्यब म्हणाला, "माझी पाळी लवकर येईल."

"आणि माझ्याकडे पाणी पोचायच्या आत ही बुडेल. काका, बाच्या वेळी ही बुडायची तेव्हाच पाणी शेवटच्या आळ्याला लागायचं. तुम्ही पाहिलंय."

तय्यबने तिच्या हातातला टोचा घेतला आणि कथलात बारीकसे छिद्र पाडले. "पाहिलंय, पोरी. जा, शेवटच्या रोपापाशी उभी राहा."

पहिल्या पाळीला पाणी पोचल्याची तिची हाक आली तेव्हा मी अजून तरंगत होते. तय्यबने छिद्र केसभर वाढवले. पुढच्या पाळीला सारा गाव हौदाभोवती श्वास रोखून बसला. माझी कड पाण्याला टेकली, मी खाली गेले आणि लांबून मबरूकाचा आवाज ऐकू आला, "लागलं!" त्या क्षणाने मी जितकी थक्क झाले, तितकी पॅरिसच्या दालनातही झाले नव्हते.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू सुधारायला घ्याल तेव्हा ती वापरणाऱ्याला आधी विचारा. आणि कधी आमच्या गावी आलात, तर मला वर काढून पाहा. छिद्रात वाळूचा कण अडकलेला असेल. हलकीशी फुंकर घाला आणि मला पुन्हा पाण्यावर ठेवा.