धडक्या फळातली माशी

वैशाखाची संध्याकाळ ताम्रवर्णी, संथ, जड पावलांनी कातळावर उतरत होती. देवगडच्या खाडीवरून येणारा क्षारगंधी वारा हापूसच्या कलमांत शिरत होता आणि त्या गर्द, मूक पर्णराशींतून रिताच परतत होता. फळं होती. पण त्यांच्या सुवासाला आंबूस, अवसन्न झाक आली होती.

कलमाखालच्या खुर्चीत आबा परुळेकर बसले होते, एवढ्या उन्हाळ्यातही शाल पांघरून. पायांशी मातीत त्यांची लेक केतकी. कीटकांची कुळं लावणं हे तिचं काम. आयुष्य सूक्ष्मदर्शकावर वाकून गेलेलं. सकाळीच तिनं आबांना इस्पितळातून घरी आणलं होतं. डॉक्टर जे बोलले, ते तिच्याशी एकटीशी बोलले होते.

आबांनी मांडीवरचा आंबा कापला. बाहेरून सुवर्णकांती, निष्कलंक. देठापाशी तेवढा सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. आत मात्र गर विरघळलेला, आणि त्या तपकिरी विरघळीत शुभ्र, आंधळ्या अळ्यांची वळवळ.

"खयची गो ही माशी?"

केतकीनं शेजारच्या फळावरची एक माशी काचेच्या नळीत धरली, उजेडाकडे केली.

द्विपंखी गण एकच, पण फळांवर येणारी कुळं दोन. एक चिमुकलं, मधवर्णी, आरक्तनेत्री. ते आंबल्याचा गंध धरून येतं, कुजण्याच्या मागून येतं. दुसरं हे. गांधीलमाशीचा भास व्हावा असं गेरूरंगी. खांद्यांवर पिवळ्या रेघा, स्फटिकपंखांना काळसर किनार, उदरावर काळी खूण. मादीच्या शेपटाशी सुई. ती धडकं, न किडलेलं फळच निवडते, साल टोचते, अंडी सोडते, उडून जाते. साल तशीच राहते. तशीच पिकते, तशीच उजळते.

"बऱ्या फळात शिरता ती, आबा."

"वरसून कळत नाय?"

"कळता. पण उशिरा."

आबा अर्ध्या फळाकडे पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "आणि माझ्या पोटातला? किती पसारला? खरा सांग."

वाटेभर तिनं एक मऊ, रेशमी खोटं विणत आणलं होतं. साधा व्रण आहे, औषधानं भरेल. ते ओठांपर्यंत आलं. नळीत माशी काचेवर आपटत होती, पुन्हा आपटत होती.

"सगळीकडे," केतकी म्हणाली.

आणि तिचं कपाळ त्यांच्या गुडघ्यावर टेकलं. आबांचा हात, चिकाच्या डागांनी काळवंडलेला, केसांवर आला, थांबला.

"उठ," ते म्हणाले. "पडलेले आंबे पुरूया. नायतर ह्यांतसून नवी माशी उठात."

तिनं खड्डा खणला, खोल. मग एकेक फळ ती त्यांच्या हाती देत गेली, एकेक ते खाली सोडत गेले. केशरी, सोनेरी, शेंदरी. खड्ड्यात उजेड होता तोवर फळं दिसत राहिली. मग वर माती, वर माती, आणि नुसता त्यांचा गंध वर येत राहिला, मंद, गोड, अधिकाधिक मंद. आणि खाडीपलीकडे समुद्र, आवाज न करता, काळा होत गेला.