मागे फिरवलेला नट

चढावर इंजिन नुसतं बोंबलत होतं आणि रिकामा ट्रक जागचा हलत नव्हता. शेवटी दोरीनं ओढून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, उकंडा मिस्त्रीच्या दारात आणून टाकला. क्लचप्लेट जळून खाक. वास पार फाटकापर्यंत.

"या फुलसिंगचा पायच उचलत नाई क्लचवरून," मालक प्रफुल्लसेठ म्हणाले. "मिस्त्री, खाली जाऊन पाह्य. ॲडजस्टमेंट बरोबर असन, तं हा आजच घरी."

"पाहा ना मिस्त्री," फुलसिंग म्हणाला. एकोणीस वर्षं हाच ट्रक त्याच्या हाताखाली होता. "पंधरा दिवसापासून पेडलले प्लेच नाई. मी सांगतलं होतं तुमाले."

सांगितलं होतं. उकंडाला चांगलं आठवत होतं. पंधरा दिवसांपूर्वी गिअर खरखरत होते म्हणून गाडी याच दारात आली होती. पेडलची बुश झिजली होती, बदलायला अर्धा दिवस गेला असता. उकंडानं ते टाळून क्लचच्या रॉडचा नट शेवटपर्यंत आवळला, गिअर पडायला लागले, गाडी काढून दिली. पेडलला दोन बोटं मोकळी चाल ठेवली नाही, तर पाय न लावताही क्लच अर्धा दाबलेला राहतो, घसरतो, जळतो. हे उकंडाला झोपेतही माहीत होतं.

तो खाली सरकला. नट तसाच होता, शेवटच्या आट्यावर. खरं बोललं तर सेठच्या सहाही गाड्या दुसऱ्याच्या दारात. त्यानं पाना लावला आणि नट मागे फिरवला. आवाज लपावा म्हणून खोकत राहिला.

"या सेठ, दाबून पाहा. दोन बोटं प्ले हाय. यानंच पायानं जाळली."

फुलसिंग ट्रकखाली शिरला. बाहेर आला तो खाली बोट दाखवत.

"सेठ, तुमीच पाहा. सारा रॉड चिखलानं माखला, अन् नटापाशी आटे चांदीवानी चमकून राह्यले. आत्ता फिरवला यानं!"

सेठ खरंच वाकले. गुडघा मातीत टेकवून निरखून पाहिलं. उकंडानं हातातला पाना पाठीमागे धरला.

सेठ उठले, पँट झटकली.

"दिसलं मले. पण फुलसिंग, ड्रायव्हर नाक्यावर ढिगानं उभे असतात. असा मिस्त्री मी कुठून आणू? उतरव आपलं सामान."

उकंडाला हायसं वाटलं. लाज वगैरे काही वाटली नाही.

फुलसिंगनं चादर काढली, पाण्याची कॅन काढली. काचेवर चिकटवलेला सेवालाल महाराजांचा फोटो नखानं सोडवायला गेला, तो अर्धा फाटून हातात आला. अर्धा तिथंच राहिला.

"अन् जाता जाता," सेठ म्हणाले, "गाडी ढकलून दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेऊ लाग."

शेजारच्या शेडमधून चौघं आले. उकंडा स्टेअरिंगवर चढून बसला. फुलसिंगनं गाठोडं खाली ठेवलं आणि मागच्या फाळक्याला खांदा लावला. मालकाला नाही म्हणणं त्याला एकोणीस वर्षांत जमलं नव्हतं, आज कुठून जमणार?

"मिस्त्री, न्यूट्रल केलं ना?" त्यानं मागून विचारलं.

सकाळपर्यंत त्याला फुलसिंगभाऊ म्हणणाऱ्या उकंडानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"केलं बे. जोर लाव."