वीतभर कमी

इंदूबाईनं लोखंडी मीटरपट्टी बोळातल्या फरशीवर टाकली, पुढच्या टोकाशी बोट टेकवलं, पट्टी उचलून पुढे नेली आणि हळूच वीतभर मागे ओढून घेतली. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. शेवटी गुडघ्यावर हात देत ती उठली, खडूनं आडवी रेघ मारली आणि शेजारपाजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आज एकोणीस जी! काल अठरा होते.”

बोळाच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर तिचा नवरा चंद्रभान वाकून सँडलचा पट्टा लावत बसला होता. इकडे मोजणी चालू झाली की त्या पट्ट्याला रोज फार वेळ लागायचा.

“एकोणीस?” मान वर न करता तो म्हणाला. “बरं.”

काठी टेकत तो उठला. इंदूबाई त्याच्या डाव्या अंगानं निघाली, हात लावायचा नाही पण हात जवळ ठेवायचा, अशी. काठी, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. रेघेवर येऊन तो थांबला आणि कपाळ पुसलं.

“शाबास! वीसाले आता एकच बाकी,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की पाहणाऱ्याला वाटावं, हिच्याच मांडीत सळई टाकलीये आणि हीच आज चालली.

या विसाचं मोठं प्रकरण होतं. नोव्हेंबरात चंद्रभान मोटरसायकलनं मौद्याहून, थोरल्या मुलाच्या, नागसेनच्या क्वार्टरवरून परत येत होता. रस्त्यावरच्या ब्रेकरला पांढरे पट्टे नव्हते. गाडी उडाली ती थेट कडेच्या नाल्यात. डोकं हेल्मेटनं वाचवलं, बाकीचं दवाखान्यानं जोडलं. तेव्हापासून व्यायाम शिकवायला येणाऱ्या भैरवीनं सांगून ठेवलं होतं, की काका वीस मीटर न थांबता, भिंतीला हात न लावता चालले, तर काठी घेऊन घराबाहेर पडायला हरकत नाही. आणि घराबाहेर म्हणजे चंद्रभानच्या लेखी एकच जागा, गांधीबागचा कापडबाजार. पस्तीस वर्षं त्यानं तिथल्या एका दुकानात कापड मोजलं होतं. त्या गल्लीत गाडी शिरत नाही, चौकातून पायीच जावं लागतं.

मोजण्यात त्याचा हात धरणारा बाजारात कुणी नव्हता. कापडाचं थान नुसतं गादीवर पसरलं, की पट्टी न लावता तो सांगायचा, सव्वाचार. लावून बघा, सव्वाचार. आणि कापायच्या आधी गिऱ्हाइकाला चार बोटं कापड जास्तीचं सोडायचा. “कापड धुतल्यावर आटते जी, माणसाचं मन आटू नाही,” असं वर म्हणायचा. त्याच्याकडून ब्लाउजपीस घेणाऱ्या बायका दुसऱ्याकडे जायच्या नाहीत.

असा माणूस फेब्रुवारीत सात मीटरवर अडकला. बारा दिवस झाले, सात म्हणजे सातच. तेराव्या दिवशी त्यानं ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

“माहं थान संपलं वं इंदू. गुंडाळून ठेव आता.”

त्या दिवशी शाळेत मुलांची खिचडी शिजवताना इंदूबाई कांदा नसलेल्या फोडणीवरही रडली. आणि दुसऱ्या सकाळी तिनं आयुष्यात पहिल्यांदा माप मारलं. बाई तशी मापाला महाकडक. भाजीवाल्याचा काटा हलायचा थांबत नाही, तोवर पिशवीचं तोंड उघडायची नाही. पण त्या सकाळी पट्टी आधी चार बोटं मागे आली, मग पुढच्या आठवड्यात वीतभर.

“आठ!” ती ओरडली होती. आणि चंद्रभान चालला. रात्री दोन पोळ्या जास्त जेवला. मग नऊ, मग दहा. थांबायचं कसं, हे काही तिला समजेना. रविवारी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं शील आलं, की तिचा आवाज आपोआप खाली जायचा.

दहा वाजता भैरवी आली. नेहमीसारखा गुडघा वाकवून पाहिला, सळईच्या जागी दाबून पाहिलं, आणि मग पिशवीतून मोजायची फीत काढली. लांबलचक, पिवळी, गुंडाळीची.

इंदूबाईनं आपली पट्टी हळूच खुर्चीमागे सरकवली.

“आज आपण वीस पाहूच काका. काकूंनी फोनवर सांगितलं, एकोणीस झाले म्हणून.”

“राहू दे ना वं आज,” इंदूबाई म्हणाली. “ऊन लय चढून राहिलं. चहा ठेवते.”

“बोळात सावली आहे काकू.”

फीत उलगडत भैरवी आत गेली. खडूची रेघ आली तशी ती थबकली, खाली वाकली, फितीवरचा आकडा पुन्हा वाचला.

“काकू, तुमची एकोणीसची रेघ पंधराच्याही आत येतेय. पट्टी आखूड आहे का तुमची?”

इंदूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आता हा माणूस चार मीटरानं मागे जाणार, पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, आणि यावेळी ते आपल्यामुळे. तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“पट्टीले काही झालं नाही बेटा,” चंद्रभान खुर्चीवरून म्हणाला. “तू वीसची रेघ मार.”

भैरवीनं रेघ मारली, पार पाण्याच्या निळ्या ड्रमच्या पलीकडे. चंद्रभान उठला. काठी, दुखरा पाय, चांगला पाय. इंदूबाई बाजूला निघाली, तर त्यानं मान हलवून तिला थांबवलं. सकाळची रेघ आली. त्यानं त्या रेघेकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्रम आला, ड्रम मागे पडला. वीसच्या रेघेवर सँडल टेकली आणि वर आणखी एक पाऊल त्यानं टाकलं.

“काका!” भैरवीनं टाळ्याच वाजवल्या.

इंदूबाई धावत गेली आणि ड्रमपाशीच थांबली. तिकडच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीवर, शिंप्याच्या निळ्या खडूच्या बारीक खुणा होत्या. कापड फाडायच्या आधी काठाला कात्रीनं टोक मारतात, तेवढ्याच. एकापुढे एक, सरळ बोळाच्या टोकापर्यंत. शेवटची विसाच्याही पुढे.

भैरवी गेल्यावर तिनं त्याला पाणी दिलं. तो पिऊन होईपर्यंत उभी राहिली आणि मग तिचा बांध फुटला.

“कधीपासून चालून राहिले एकटे?”

“तू शाळेत जात होती, तवा.”

“अन् पडले असते म्हणजे? कोण उचलाले येणार होतं? मी तिकडं खिचडी ढवळून राहिली अन् इकडं हे सर्कस करून राहिले! बाप्पा रे!”

“पडलो नाही ना वं.”

“तुमाले मालूम होतं? माह्यं माप?”

“पह्यल्याच दिवशी. आठ मीटर अन् साडेसात मीटर मले समजत नाही का?”

“मंग बोलले काहून नाही?”

चंद्रभान पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

“पावशेरासाठी भाजीवाल्याशी भांडणारी बाई माह्यासाठी खोटं मोजून राहिली. म्हटलं, आता हिचं माप आपल्याले पुरं कराच लागते.”

इंदूबाईनं पदरानं डोळे पुसले, त्याच पदराचा एक फटका त्याच्या खांद्यावर मारला, आणि मग तो खांदा तसाच धरून बराच वेळ उभी राहिली. चहा ठेवायचा राहूनच गेला.

दुसऱ्या सकाळी तिनं पट्टी टाकली. टोकाशी बोट, पट्टी पुढे. टोकाशी बोट, पट्टी पुढे. मागे काही आली नाही. आज चंद्रभानच्या सँडलचा पट्टा पटकन लागला आणि तो खुर्चीवरून सरळ तिच्या हाताकडे पाहत होता.

“एकवीस,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “पाहा, बरोबर हाये का.”

त्यानं एक डोळा मिटून बोळाच्या टोकापर्यंत नजर टाकली.

“बरोबर हाये. पण इंदू...”

“आता काय?”

“दुकानाची रीत विसरली का वं?”

इंदूबाईनं रेघ पदरानं पुसली. तिच्या पुढे आपली चार बोटं फरशीवर टेकवली, पलीकडून नवी रेघ ओढली, आणि हात तिथंच ठेवून ती बसली, तो येईपर्यंत.